पाच किलो गव्हाचं अपकृत्य

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ एप्रिल

तीर्थरूप कचरूदादा यांस,

धाकट्या मेघाचा पडेगावहून सविनय जयभीम. इकडं आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी आणि हे दोघंही जेवतो, झोपतो आणि गोळ्या वेळेवर घेतो. तुमचा गुडघा कसा आहे? लासूर स्टेशनात जयंतीची तयारी जोरात असेल आणि तुम्ही गुडघा विसरून मंडपाच्या बल्ल्यांवर देखरेख करत असाल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. केसरवहिनी कशा आहेत? त्यांचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे ना, की वयानं बसला? (आवाजाची चौकशी कशासाठी, ते पत्र शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. तुम्ही पहिलं पान वाचून उरलेलं चष्म्याच्या घरात ठेवता, हे मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नका, कारण या प्रकरणात तुमचंही नाव आहे.)

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, हे एक. दुसरं म्हणजे जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून मी दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, तेव्हा एक पत्र आपलंही असावं असं वाटतं. निवृत्तीनंतर मी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं, ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी पोरं मला प्राध्यापक समजून उभी राहिली. मीही सवयीनं बसा म्हणाले. नंतर मी त्यांच्याच बाकावर जाऊन बसले, तेव्हा त्यांना जरा फसवल्यासारखं वाटलं असावं. तर यंदा आम्हाला अपकृत्यांचा कायदा आहे, आणि मी तो नुसता वाचला नाही, करूनही पाहिला.

तुम्हाला आठवत असेल, मागच्या महिन्यात बोअरची जागा दाखवायला तुम्ही आला होता. आई-बापांनी दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात कोणी देवापुढं नारळ फोडलेला नाही, आणि तुम्ही मात्र चाळीस वर्षं तोच नारळ तळहातावर आडवा ठेवून लोकांच्या रानात पाणी शोधत फिरता. (फोडत नाही, नुसता धरतो, हा तुमचा खुलासा मी नोंदवून घेतला आहे. मला तो पटलेला नाही.) नारळ उभा राहिला तो नेमका काकासाहेबांच्या भिंतीलगत. मी म्हटलं, दादा, चार पावलं अलीकडं घ्या, भिंतीपलीकडं त्यांचं अंगण आहे. तुम्ही म्हणालात, झरा काय तुझ्या सोयीनं वाहतो का? माझा नारळावर विश्वास नाही, पण टँकरवरचा विश्वास त्याआधीच उडाला होता.

काकासाहेब म्हणजे आमचे शेजारी. मूळचे गंगापूरकडचे शेतकरी, आता वाळूजला एका कंपनीत आहेत. माणूस सरळ, जरा लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. त्यांच्या मंडळी सरूबाई. मुलगी तनुजा, तिचं लग्न पुढच्या महिन्यात खुलताबादच्या एका घरी ठरलंय. लग्न ठरल्यापासून सरूबाईंनी रुखवताचा ध्यास घेतला होता. बाकीचं सगळं बाजारातून आणता येईल, पण कुरडया घरच्याच मांडायच्या, असा त्यांचा हट्ट. तुम्ही पुरुष लोक कुरडया तळलेल्याच पाहता म्हणून सांगते, गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, निवळू देऊन खाली बसलेला चीक घ्यायचा, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. एकदा गहू भिजले की ते कोणासाठी थांबत नाहीत, आंबून जातात. बोअरची गाडी शुक्रवारी येणार, असं मी त्यांना गुरुवारी संध्याकाळी सांगितलं. त्यांचे गहू सोमवारपासून भिजत होते.

शुक्रवारी सकाळी भिंतीपलीकडं दोन बाजांवर पांढऱ्या पातळावर पाच किलो गव्हाच्या कुरडया ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि भिंतीअलीकडं बोअरची गाडी धडधडत होती. अडीचशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली, तीही वाऱ्यानं रस्त्याकडं गेली. दोनशे सत्तरला पाणी लागलं. पाणी लागलं तसा करड्या चिखलाचा फवारा घराच्या वर गेला आणि भिंतीपलीकडं, थेट बाजांवर खाली आला. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तुमचा नारळ खोटा ठरला असता तर नुसती धूळ उडाली असती आणि कुरडया वाचल्या असत्या. तुम्ही खरे ठरलात, हेच या नुकसानीचं मूळ आहे.

सरूबाई ओरडल्या नाहीत. त्या बाजेपाशी येऊन उभ्या राहिल्या, एक कुरडई उचलून पाहिली, परत ठेवली आणि आत गेल्या. मी भिंतीवरून पैसे देते म्हणाले, तर काकासाहेबांनी दारच लावून घेतलं. चार दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. (पाणी मात्र चालू होतं. बोअरला मोटर बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची नळी भिंतीवरून आमच्याकडं येते, मी मोटर लावते, त्यांची टाकी भरते, नळी परत जाते. हे सगळं एक शब्दही न बोलता व्हायचं.)

पाचव्या दिवशी काकासाहेब पोलीस चौकीकडं निघाले. त्यांची मोटारसायकल पंक्चर होती आणि चौकी लांब, म्हणून मीच त्यांना स्कुटीवर घेऊन गेले. तिथल्या हवालदारसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, मुद्दाम केलं का? काकासाहेब म्हणाले, नाही. मारहाण? नाही. शिवीगाळ? काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम शिवी देत नसत्यात." मग हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मंग गुन्हा नाय हा. चिखल उडाला, लई वाईट झालं, पण कोणाला आत टाकू? घरी जा, चहा पिऊन जा."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. गुन्हा नाही म्हणजे काही झालंच नाही, असं त्यांना वाटलं, आणि दादा, तिथं माझं चुकलं. मी आरोपी आहे हे विसरून माझ्यातली विद्यार्थिनी बोलू लागली. मी म्हटलं, काकासाहेब, गुन्हा नाही याचा अर्थ कोणी चुकलं नाही, असा होत नाही. गुन्हा म्हणजे सगळ्या समाजाविरुद्धचं कृत्य, तिथं सरकार स्वतः फिर्यादी होतं आणि करणाऱ्याला शिक्षा होते. आता तुमच्या माझ्यात काही करार झाला होता का, की मेघाबाई तुमच्या कुरडयांवर चिखल उडवणार नाहीत? नव्हता. करारातलं कर्तव्य आपण आपल्या तोंडानं पत्करतो, न पत्करलेलं तिथं मोडता येत नाही. पण या दोन्हींशिवाय कायद्यानं प्रत्येकावर एक कर्तव्य आपोआप टाकलेलं आहे, आपल्या वागण्यानं शेजाऱ्याला इजा होऊ नये याची वाजवी काळजी घ्यायची. ते मोडलं आणि नुकसान झालं की झालं अपकृत्य. त्याला तुरुंग नाही, नुकसानभरपाई आहे, आणि तिचा आकडा आधी कुठं लिहिलेला नसतो, तो न्यायालय ठरवतं. आपल्याकडं याचा एक असा ग्रंथच नाही, बराचसा कायदा न्यायाधीशांनी निकालानिकालांतून घडवला आहे. मी पंधरा मिनिटं बोलले असेन. कसल्याशा दाखल्यासाठी आलेले दोघं जण बाक ओढून जवळ बसले. हवालदारांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

काकासाहेबांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी तुमच्याकडून भरपाई मिळती व्हय?"

मिळते, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? उत्तर बरोबर होतं.

परतताना स्कुटीवर त्यांनी मागून विचारलं की मग नोटीस कोण लिहून देतं. मी म्हटलं, वकील. ते म्हणाले, वकिलाकडं जायला रजा नाही, तुम्ही नाय का लिहीत? आणि मी लिहिली. मला नोटिशीचा मसुदा करून आणायचा गृहपाठ होताच, आणि कल्पनेतला वादी शोधत बसण्यापेक्षा हा हाताशी होता. मी, मेघा, हिच्याविरुद्ध, काकासाहेबांच्या वतीनं, चार पानी नोटीस. त्यात मी माझे सगळे बचाव आधीच खोडून काढले. सरूबाईंना आदल्या दिवशी सांगितलं होतं, तरी वाळवण घातलं, म्हणजे धोका जाणूनबुजून पत्करला, असं म्हणावं तर भिजलेला गहू थांबत नाही. बोअरवाला स्वतंत्र कंत्राटदार आहे, त्याला धरा, असं म्हणावं तर भिंतीजवळची जागा त्यानं निवडली नव्हती. (ती कोणी निवडली, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाच अपकृत्यात दोघांचा हात असेल तर दोघंही जबाबदार आणि वादी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे तुमच्या माहितीसाठी.) वारा ही दैवी घटना होती, असा एक बचाव कायद्यात आहे, पण आपल्या घरात तो घ्यायची सोय नाही.

तरी निष्काळजीपणा काही पक्का होत नव्हता, आणि तो का होत नाही हे मला एकटीलाच ठाऊक होतं. सकाळी बोअरच्या गाडीवरच्या माणसानं भिंतीकडं बोट दाखवून सांगितलं होतं, बाई, तिकडं ताडपत्री बांधा. घरात ताडपत्री एकच होती. ती मी आमच्या स्कुटीवर टाकली. हे मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. काकासाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता, आणि मी लिहिलं नसतं तर जगात कोणाला कळलं नसतं. पण त्या एका वाक्याशिवाय दावा लंगडा राहत होता, आणि अर्धवट मसुदा पुढं पाठवायची मला सवय नाही. परिच्छेद सातमध्ये घातलं. सरांनी नोटिशीला दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण नेमकी मागणी काय ते लिहिलेलं नाही. काकासाहेबांनी खाली सही केली आणि भिंतीवरून ती मलाच दिली. मी पोच दिली, तारीख घालून.

आता थोडं विषयांतर करते. कायद्यात शेजारी या शब्दाची व्याख्या फार सुंदर आहे. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत असलेला माणूस नव्हे. आपण जे करतो त्याची झळ ज्याला बसेल, हे आपल्याला आधी दिसायला हवं, तो शेजारी. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आम्ही इथं राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. दर वैशाखी पौर्णिमेला मी सरूबाईंना खिरीचा डबा देते. त्या तो हसून घेतात आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, आत साखर घालून परत करतात. डबा रिकामा द्यायचा नाही, ही रीत त्यांनी एकदाही चुकवली नाही. तिसऱ्या वर्षी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा पाहिलं, त्या तो डबा मागच्या पेरूच्या झाडाच्या बुडाशी ओतत होत्या. पेरू चांगला वाढलाय. मी पुढंही दर वर्षी खीर देत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही.

याला कायद्यात काय म्हणायचं, ते मी शोधून पाहिलं. गुन्हा नाही. सरूबाईंनी मला कुठं जायला अडवलं नाही, अपशब्द वापरला नाही, आणि कोणाची खीर खावी हे सांगणारं कलम नाही. करार नाही. अपकृत्य म्हणावं तर तिथं दोन प्रकार आहेत. एकात हक्क मोडतो पण नुकसान काही होत नाही, तरी दावा चालतो. दुसऱ्यात नुकसान होतं पण कायद्यानं दिलेला हक्क कोणताच मोडत नाही, तो दावा चालत नाही. खीर दुसऱ्या प्रकारात बसते. मी सरांना विचारलं नाही, उत्तर मला आलेलं होतं. पण दादा, मला वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं, एवढं लिहून हे विषयांतर संपवते.

तर नोटीस दिली त्या संध्याकाळी काकासाहेबांनी ती सरूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. (आम्ही ऐकत होतो. भिंत पातळ आहे.) सातव्या परिच्छेदाशी वाचणं थांबलं. थोड्या वेळानं सरूबाई आमच्या ओट्यावर आल्या. एरवी त्या फाटकातून बोलतात.

त्या म्हणाल्या, "ताडपत्रीचं कशाला लिवलं? आमाला कुठं ठावं होतं."

मी म्हटलं, खरं होतं म्हणून.

हे आतून पाणी घेऊन आले, ते त्या प्यायल्या. मी म्हटलं, नोटिशीत मागणी राहिली आहे, तेवढी सांगा, मी तुमच्या वतीनं भरून घेते. तुमची तीन दिवसांची मेहनत, गहू, मनस्ताप, सगळं धरून आकडा सांगा. तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशाचं काय करू? पाच किलोच्या कुरडया करून द्या. तुमच्या हातच्या. रुखवतात मांडीन."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, तुमच्या खुलताबादच्या पाहुण्यांनी विचारलं, कोणी केल्या, तर?

"सांगीन का, शेजारणीनं केल्या."

कायदा भरपाई पैशात देतो, कुरडयांत देत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. कायद्याचं शिक्षण सुरू केल्यापासून एखादी बरोबर गोष्ट मी तोंडात ठेवल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी हो म्हणाले.

हो म्हणाले आणि रात्री अंथरुणात लक्षात आलं की आता प्रकरणाची जातच बदलली. तडजोड झाली म्हणजे अपकृत्य मिटलं आणि करार सुरू झाला. आता कुरडया झाल्या नाहीत तर तो करारभंग. बचत गटाच्या विकत आणून माझ्या हातच्या म्हणून दिल्या तर ती फसवणूक, आणि तिथून हवालदारसाहेबांचं टेबल फार लांब नाही. चुकून उडालेल्या चिखलापासून मी थोड्याच दिवसांत इथवर पोचले आहे. तुम्हीही या अपकृत्यात निम्मे वाटेकरी आहात, तेव्हा काळजी करा. हे खुशाल आहेत, तुम्हाला जयभीम सांगतात आणि ताडपत्री आणखी एक आणली आहे, असं कळवायला सांगतात. थोरांना मान, लहानांना माया.

तुमची बहीण,
मेघा

ता. क. मला कुरडया येत नाहीत. साठीला आले, आजवर एकही पाडलेली नाही. आई शिकवायला बसली तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला जात होते. जयंती झाली की दुसऱ्याच दिवशी केसरवहिनींना घेऊन या. त्यांचा पितळी सोऱ्या बरोबर आणा. मात्र वहिनींनी कशाला हात लावायचा नाही, कारण अट 'तुमच्या हातच्या' अशी आहे. त्यांनी खुर्चीवर बसून फक्त ओरडायचं आहे. आवाजाची चौकशी त्यासाठी केली होती.

ता. क. २. नारळ आणू नका. पाणी लागल्यापासून काकासाहेब तुमची वाट पाहतायत, त्यांनाही बोअर घ्यायचाय, आणि त्यांच्या भिंतीपलीकडं आम्ही राहतो. आणलाच तर मी त्याची चटणी करीन, मग फोडला का धरला, हा वाद उरणार नाही.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात सरूबाई फाटकाशी आल्या, म्हणून पुन्हा उघडलं. कुरडया कोणत्या दिवशी करणार, ते विचारत होत्या. मी म्हटलं, भाऊ-भावजय आले की. जाता जाता म्हणाल्या, "चीक शिजला का हाक मारा, ताई. गूळ घालून पयली वाटी मी खाईन. हितंच, तुमच्या ओट्यावर." तेव्हा लासूरच्या बाजारातून गहू आणाल ते पाच किलो नव्हे, साडेपाच आणा. वरचा अर्धा किलो नोटिशीत नाही.